वाटपाचे फोटो का टाकत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दर मे महिन्यात गरजू मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी पैसे पाठवताना तुमच्यापैकी कोणीतरी म्हणतंच, "ताई, वाटपाचे फोटो का नाही टाकत? पैसे पोचले हे आम्हाला कळणार कसं?" मी दरवेळी "बिल पाठवते ना" म्हणून विषय संपवते.

मदतीची गरज आहे का, हा वाद नको. पालिकेच्या शाळांत २७ वस्तू मोफत मिळतात, हे मलाही माहीत आहे. आपली मुलं भांडुपच्या डोंगरावरची, खासगी अनुदानित शाळेतली, नववी-दहावीची. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात. नववीत गेलं की पुस्तकं, वह्या, कंपास, प्रयोगवही, सगळं विकत. तेही ऐन जूनमध्ये, घरावर ताडपत्री घालायचा खर्च असतो तेव्हा.

फोटो मीही टाकायचे. मुलांना ओळीत उभं करायचं, दप्तर छातीशी धरायला लावायचं. "हस की गं जरा," असंही मी म्हटलंय.

एका वर्षी जून संपता संपता, भर पावसात, दुपारी एक मावशी दारात आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं दप्तर. त्या मुलुंडच्या एका इमारतीत पोळ्या करायच्या. त्याच इमारतीतून आपल्याला देणगी आली होती, म्हणून फोटो मी तिथल्या ग्रुपवर टाकला होता. त्यांची मुलगी सुट्टीत आईबरोबर कामाच्या घरी जायची, तिथल्या मुलीशी तिची मैत्री होती. त्या मुलीने मोबाइल पुढे धरून विचारलं, "हे दप्तर आमच्या मम्मीने दिलंय ना तुला?" वाईट मनाने विचारलं नसेल. पण त्या दिवसापासून मावशींची मुलगी पुस्तकं कापडी पिशवीतून नेऊ लागली. दप्तराला हात लावेना.

मावशींनी वह्या माझ्या टेबलावर मोजून ठेवल्या. बारापैकी अकरा. सगळ्यांना खाकी कव्हरं घातलेली, नावाची लेबलं पाण्याने भिजवून सोललेली. एकावर आडनाव अर्धं राहिलं होतं. "एक वापरलीय, तिचे पैसे घ्या," म्हणून त्यांनी पन्नासची नोट काढली.

"मावशी, असं नका करू."

"तुम्ही चांगल्या मनाने केलंत, ताई. पण ती म्हणते, मी मागायला गेले नव्हते."

मी नोट घेतली. नाही म्हटलं असतं तर आणखी एकदा दान केल्यासारखं झालं असतं, असं वाटलं. कधी वाटतं, त्या लवकर जाव्यात म्हणूनच घेतली. अजून ठरत नाही.

तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते. म्हणते, लोक विश्वासाने पैसे देतात, त्यांना हिशेब नको का? हवाच. म्हणून तर अब्दुल रहमान स्ट्रीटच्या घाऊक दुकानाचं बिल आणि मुख्याध्यापिकांच्या सहीची पोच पाठवते. २०२५ च्या सप्टेंबरात वह्यांवरचा १२ टक्के जीएसटी शून्यावर आला, तो फरकही बिलात तपासून घ्या. वाटप आता वर्गशिक्षिका करतात. मी तिथे नसते.

मागे एक मुलगा शाळेच्या फाटकापाशी म्हणाला, "माझा फोटो काढा ना, गावी आजीला पाठवायचाय." मी त्याच्या बाबांच्या मोबाइलवर काढून दिला.

आणि हेही सांगायला हवं. फोटो बंद केल्यावर दोन मोठे देणगीदार थांबले. त्या वर्षी चाळीस मुलांऐवजी सव्वीस जणांचीच सोय झाली. उरलेल्या चौदा घरी "यंदा जमणार नाही" सांगायला मीच गेले. त्यातली एखादी आई म्हणालीही असती, काढा की फोटो, वह्या तर मिळू देत. मी त्यांना विचारलंच नाही.