नागपूर ते शेगाव सायकलवारी: तीन दिवस, तीन समाध्या

नागपूरहून शेगावला सायकलनं जाणारे गट आता बरेच झालेत. त्यातले पुष्कळ जण रात्री निघतात आणि दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या आत मंदिरात पोचतात. त्यांच्या दमाचं कौतुक आहेच. पण पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी एकच सांगेन, की ही वाट एका दिवसात संपवू नका. तीनशेला थोडं कमी अंतर आहे आणि त्यावर मोझरीला तुकडोजी महाराज, अमरावतीला गाडगेबाबा आणि शेवटी शेगावला गजानन महाराज अशा तीन समाध्या आहेत. एवढं एका सरळ रस्त्यावर लाभलेलं असताना पहिल्या दोन समाध्या अंधारात मागे टाकून जाणं मला पटत नाही.

आम्ही सहा जण होतो. सगळ्यांत मोठे काका. एकसष्ट वर्षांचे, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले, या रस्त्यावर अर्धं आयुष्य स्टिअरिंग धरलेले. मग शाळेत खेळ शिकवणाऱ्या ताई, दोघे सख्खे भाऊ, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा छोटू आणि मी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बुधवारी निघालो. बुधवार मुद्दाम धरला, म्हणजे शेगावचा गुरुवार टळतो आणि शनिवार-रविवारची गर्दी सुरू व्हायच्या आत शुक्रवारी दर्शन होतं. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते, त्या सुमारास अमरावतीत गर्दी असते हेही ध्यानात ठेवा.

पहाटे पाचला टेकडी गणपतीला नारळ फोडून निघालो. व्हरायटी चौक, लॉ कॉलेज चौक, रविनगर, आणि मग वाडी. वाडी सहाच्या आत पार करायची हा नियम समजा. तिथे ट्रक वळतात, थांबतात, मागे येतात. डिसेंबरात साडेसहापर्यंत नीट उजाडत नाही, त्यामुळे मागचा लाल दिवा आणि अंगावर चमकणारी पट्टी हवीच. समृद्धी महामार्गाचा विचार कुणाच्या मनात असेल तर काढून टाका, तिथे दुचाकीलाही मज्जाव आहे. आपला रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, जुना सहा नंबर, आताचा ५३.

काकांनी पहिल्याच थांब्यावर, गोंडखैरीला, सगळ्यांना गोल उभं केलं. "ट्रकवाल्याले तुमचं तोंड दिसत नाई, पाठ दिसते. पाठ हालू देऊ नका. पांढऱ्या पट्टीच्या डावीकडं राहा, आन् खड्डा चुकवाले एकदम उजवीकडं घुसू नका. खड्ड्यातून गेलं तर चाक जाईन, उजवीकडं घुसलं तर जीव जाईन." तीन दिवस आम्ही ते पाळलं. सगळ्यांत हळू चालणारा पुढे, म्हणजे काकाच, आणि पंप, हत्यारं, जादा ट्यूब असलेला शेवटी. मधल्यांनी पुढं जायचं नाही. छोटूला पहिले दोन तास हे जड गेलं. पण हळू माणूस मागे ठेवला की तो तुम्हाला गाठण्यासाठी सारखा दमतो, आणि तो पोचेपर्यंत तुमची विश्रांती संपलेली असते. शेगावच्या पालखीत वारकरी कसे रांगेत, एका चालीनं चालतात ते एकदा पाहा. वेगळं काही शिकायची गरज पडत नाही.

कोंढाळी साधारण पन्नास किलोमीटर. आठ वाजता पोचलो. तर्री पोहे खाल्ले, पण तर्री बेतानं घ्या, पुढे पोटात आग पडते. कोंढाळीच्या पुढे रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागतात. अंबिया बहार संपत आलेला, फळं लहान पण गोड. एका ढिगामागे डोक्याला दुपट्टा गुंडाळलेले एक आजोबा बसले होते.

"कुठं चाल्ले जी?"

"शेगावले."

"सायकलीनं? काऊन, गाड्या नाई का घरी?"

"हायेत ना बाबाजी. पण यंदा असंच जायचं ठरवलं."

त्यांनी आमच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग सात संत्री निवडून दिली, एकेक देठाशी दाबून पाहून. पैसे घेईनात. "सहा तुमाले. हे सातवं महाराजाले. माहा नमस्कार सांगजा, आन् येतानी अंगारा आणजा. मी इथंच राहतो, होळीलोक." सातवं संत्रं ताईंनी हँडलच्या पिशवीत रुमालात गुंडाळून ठेवलं.

कारंजा (घाडगे) ओलांडल्यावर पंक्चरचं सत्र सुरू झालं. याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण या रस्त्यावर तुमचा सगळ्यांत जास्त वेळ इथेच जाणार आहे. हायवेच्या कडेला काटे कमी, तारा जास्त. ट्रकचा टायर फुटला की त्यातली पोलादी जाळी सुटून तिचे पापणीच्या केसाएवढे तुकडे कडेच्या डांबरावर पसरतात. ते टायरमध्ये शिरतात आणि बाहेरून दिसत नाहीत. धाकट्या भावाची ट्यूब बदलली, दहा मिनिटांत पुन्हा हवा गेली. पुन्हा बदलली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा काकांनी टायर पूर्ण उतरवला, आतून बाहेर उलटवला आणि बोटानं न चाचपता कापसाचा बोळा आतून फिरवला. पलीकडच्या शेतातल्या पऱ्हाटीचाच कापूस. एका जागी बोळ्याचे धागे अडकले. तिथे तार होती, अर्ध्या सेंटीमीटरची, ताईंच्या चिमट्यानं ओढून काढली. बोटानं शोधली असती तर बोटात गेली असती. तेव्हा चिमटा आणि कापूस जवळ ठेवा, माणशी दोन ट्यूब ठेवा, आणि पंक्चर काढण्याआधी तार सापडलीच पाहिजे हे पक्कं करा. टायर घासलेले असतील तर निघण्याआधी बदला. पातळ शर्यतीचे टायर इथे नकोत, ३२ मिलिमीटर किंवा जास्त रुंदीचे बरे.

तळेगावच्या अलीकडे सत्याग्रही घाट लागतो. आपल्याला उतार आहे, पण वळणांवर ट्रक उलट बाजूनं मोठा वळसा घेतात. ब्रेक सतत दाबून धरू नका, दाबा-सोडा करत उतरा. तळेगावला जेवलो. मग वर्धा नदी. पूल ओलांडला की वर्धा जिल्हा संपतो आणि अमरावती सुरू होतो, म्हणजे वऱ्हाड सुरू होतो. काका म्हणाले, "इथून भाकरीची चव बदलते." मला फरक कळला नाही, पण त्यांना कळतो यावर माझा विश्वास आहे.

तिवसा मागे टाकून चारच्या सुमारास मोझरीला पोचलो. दिवसभरात साधारण १२० किलोमीटर. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली उभारलेला गुरुकुंज आश्रम रस्त्याला लागूनच आहे आणि समोर त्यांची समाधी. इथे मुक्काम करा असं मी आग्रहानं म्हणतो ते संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेसाठी. दिवसभर कानात ट्रकचे हॉर्न घेऊन तुम्ही आलेले असता. मग ओळीत बसता, पाय दुमडताना गुडघे कुरकुरतात, आणि सगळे एका सुरात म्हणू लागतात. जात-धर्म विचारत नाहीत, कोणत्या देवाचं नाव घ्यायचं तेही विचारत नाहीत. माझ्या शेजारी एक दहा-बारा वर्षांचा मुलगा होता, त्याला सगळं पाठ होतं. मला शब्द येत नाहीत हे बघून तो जरा मोठ्यानं म्हणू लागला. पुण्यतिथी महोत्सवाच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या थोडं आधी, इथे लाखोंची गर्दी असते, तेव्हा मुक्कामाचा बेत आखू नका. एरवीही निघण्याआधी चौकशी करून ठेवा आणि स्वतःची चादर न्या.

दुसरा दिवस सगळ्यांत लांब, १३० च्या आसपास. पाचलाच निघा. नांदगाव पेठच्या पुढे बायपास सोडून अमरावती शहरात शिरा. पंचवटी चौकाजवळ गाडगेनगर आहे, तिथे गाडगेबाबांची समाधी. आम्ही सकाळी आठच्या आत पोचलो. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनातून माणसांची मनं झाडायची असं आयुष्यभर करणारा हा माणूस २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवरच गेला. ताईंनी आदल्या दिवसापासून एक पिशवी बांधली होती, सगळ्यांच्या बिस्किटांचे कागद, केळीची सालं, फाटक्या ट्यूब त्यात. ती इथे कचरापेटीत रिकामी केली आणि पुन्हा सायकलला बांधली. हा प्रवास करणाऱ्या प्रत्येक गटानं अशी पिशवी न्यावी. हायवेच्या कडेला वारीचा कचरा दिसतो तेव्हा फार वाईट वाटतं.

अमरावतीत गिला वडा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग राजापेठ, बडनेरा, आणि पुन्हा हायवे.

बडनेऱ्याच्या पुढचा रस्ता म्हणजे सायकलवाल्याला मिळालेलं दान आहे. वर्षानुवर्षं रखडलेला हाच अमरावती-अकोला पट्टा. जून २०२२ मध्ये इथे १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर सलग डांबरी पट्टा टाकून जागतिक विक्रम झाला. चाकाखाली सूंsss असा एकच आवाज येत राहतो. पण सावली जवळजवळ नाही, आणि रस्ता चांगला म्हणून गाड्या सुसाट. कापसाचे ट्रॅक्टर मागे दिवा न लावता चालतात, संध्याकाळी त्यांच्यापासून सांभाळा.

आता पाण्याचं. मूर्तिजापूरच्या आसपास आणि पुढे पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. जमिनीखालचं पाणी खारट. हातपंप दिसला म्हणून बाटली भरून घेऊ नका. तहान भागत नाही, उलट पोट बिघडतं. बडनेऱ्याला प्रत्येकानं तीन लिटर भरून घ्यावं, पुढे मूर्तिजापूरला आरओचं पाणी विकत घ्यावं. तिथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यानं काय हालत झाली आहे, हे दोन घोट तोंडात घेतल्यावर समजतं. चहाच्या टपरीवरच्या मावशी म्हणाल्या, "आमच्या पोरीले सासर पाहतानी पयले पाणी पाहतो, मंग पोरगा."

मूर्तिजापूरला 'शकुंतला' या जुन्या नॅरोगेज रेल्वेचं स्टेशन पाहायचं ठरलं होतं. वेळ उरला नाही. अजूनही रुखरुख आहे.

कुरणखेडला, काटेपूर्णेच्या पुलाजवळ, काकांच्या पोटरीत गोळा आला. दुपारचे तीन. दोघा भावांनी त्यांना झाडाखाली आडवं केलं, ताईंनी पायाचा अंगठा धरून पाऊल हळूहळू गुडघ्याकडे दाबलं आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी घोट घोट दिलं. गोळा आला की पोटरी जोरानं चोळू नका, आधी ताण द्या. आमची चूक अशी झाली, की सपाट रस्त्याच्या मोहात दीड तास न थांबता चाललो होतो. काका पुढे होते आणि त्यांना थांबायचं म्हणायला संकोच वाटला. तेव्हा वेळ लावून थांबा, दर पंचेचाळीस मिनिटांनी, कुणी म्हणो न म्हणो. पाऊण तास तिथे बसलो. त्यामुळे बोरगाव मंजूलाच दिवे लागले आणि अकोल्यात शिरायला सात वाजले. वर एका लॉजनं, फोनवर हो म्हणूनही, सायकली आत घेऊ दिल्या नाहीत. दुसऱ्या लॉजच्या मालकानं जिन्याखाली जागा दिली. सायकल कुठे ठेवणार हे खोली घेताना आधी विचारा, शक्य तर फोटो मागवा.

तिसरा दिवस सोपा, पंचेचाळीस किलोमीटर. हायवे सोडून गायगाव, निंबा फाटा, लोहारा असा रस्ता धरा. गायगावपर्यंत तेलाच्या डेपोचे टँकर असतात, पुढे शांत. नागझरी, पारस करत येणारी शेगावची पालखी पंढरपूरला जाताना गायगाववरूनच अकोल्यात येते. आम्ही तिच्या उलट निघालो होतो. अकोल्याहून पायी निघालेली माणसं भेटू लागली, काही अनवाणी. प्रत्येक जण "जय गजानन" म्हणतो, आणि सायकलवर असलात तरी उत्तर द्यायचंच. एका बाईच्या पायाला फोड आले होते. ताईंनी उतरून पट्टी लावून दिली आणि आम्ही पुढचे दोन किलोमीटर त्यांच्याबरोबर सायकली हातात धरून चाललो. दोन्ही बाजूंना तूर पिवळी पडत आलेली.

साडेदहाला शेगाव. सायकलींना साखळी न्या. समाधी दर्शन आणि श्रीमुख दर्शन अशा वेगळ्या रांगा आहेत. पाय थकलेले असतील आणि वेळ कमी असेल तर श्रीमुख दर्शन लवकर होतं. आम्ही समाधीच्या रांगेत लागलो. आत फोटो काढू नका. पांढऱ्या कपड्यांतले सेवाधारी, पगार न घेता सेवा करणारे, प्रत्येकाला "माऊली" म्हणतात. एका सेवाधाऱ्यानं काकांची चाल पाहिली आणि न विचारता त्यांना बसायला जागा करून दिली. १९१० साली ऋषिपंचमीला महाराजांनी समाधी घेतली, त्या जागेसमोर उभं राहायला आपल्या वाट्याला काही क्षणच येतात. मला तीन दिवसांत मनात जमवलेलं काहीच आठवलं नाही. ताईंनी संत्रं पुढे केलं, त्याला समाधीचा स्पर्श झाला आणि ते परत हातात आलं. बाहेर येऊन त्याच्या फोडी वाटल्या. मग महाप्रसाद, आणि संध्याकाळी कचोरी. भक्तनिवासात खोली हवी असेल तर दुपारच्या आत चौकशीला जा.

परतीसाठी नागपूरची रेल्वे सोयीची, पण सहा सायकली पार्सलनं लावण्यात अर्धा दिवस जातो. आम्ही छोटा हत्ती ठरवला. सायकली उभ्या, हँडल उलटसुलट, मध्ये बारदान, गिअरची बाजू वर. चौघे रेल्वेनं गेले, काका आणि मी टेम्पोतून.

शनिवारी चारच्या सुमारास कोंढाळीच्या अलीकडे आलो. आजोबा त्याच जागी होते, ढीग निम्मा झाला होता. काकांनी खाली उतरून अंगाऱ्याची पुडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चिमूटभर कपाळाला लावला, चिमूटभर संत्र्यांच्या ढिगावर टाकला, पुडी घडी करून छातीच्या खिशात ठेवली, आणि समोर थांबलेल्या मोटारीतल्या गिऱ्हाइकाला भाव सांगू लागले.