गरम सायडर: सगळं करा, फक्त उकळी आणू नका

सायडर म्हणजे सफरचंदाचा रस, एवढंच डोक्यात ठेवून इंग्लंडात उतरलेला माणूस पहिल्याच पबमध्ये फसतो. अमेरिकेत नुसतं ‘सायडर’ म्हटलं की न गाळलेला गढूळ रस मिळतो. मद्य हवं असेल तर ‘हार्ड सायडर’ म्हणावं लागतं. इंग्लंडात ही भानगड नाही. इथली सायडर आंबवलेलीच, बहुतेक साडेचार ते सहा टक्क्यांची, आणि नैर्ऋत्य इंग्लंडातल्या सॉमरसेट परगण्याच्या शेतांवर मिळणारी ‘स्क्रंपी’ त्याहून कडक. उन्हाळ्यात जी बर्फ घालून पितात, तीच डिसेंबर-जानेवारीत मसाले घालून गरम करतात. कृती अगदी सोपी. बिघडायच्या जागा मात्र बऱ्याच, आणि पहिली जागा दुकानातच लागते.

ब्रिटनच्या करनियमांप्रमाणे पेयात सफरचंदाचा रस (नाशपातीचा काही भाग धरून) ३५ टक्के असला की त्याला सायडर म्हणता येतं. बाकी पाणी आणि साखर. अशी सायडर थंड असताना खपून जाते, गरम केली की उघडी पडते: गोड पाणी आणि वर दालचिनी. त्यातून सल्फाइट (टिकण्यासाठी घातलेलं गंधकाचं रसायन) जास्त असेल तर तापल्याबरोबर काडेपेटीची काडी ओढल्यासारखा वास नाकात जातो. म्हणून लेबलवर ताज्या रसाचं प्रमाण बघा. डॅबिनेट, यार्लिंग्टन मिल, किंग्स्टन ब्लॅक अशा खास सायडरच्या सफरचंदांची नावं दिसली तर निर्धास्त घ्या. ही सफरचंदं नुसती खायला तुरट लागतात, पण तो तुरटपणाच गरम पेयाला अंग देतो. गोडीच्या बाबतीत ‘मीडियम ड्राय’ घ्यावी. ‘स्वीट’ बाटलीत साखर कमी करायची सोय उरत नाही. स्क्रंपीला जरा शिळा, व्हिनेगरकडे झुकणारा वास असेल तर ती थंडच प्यावी. गरम केल्यावर तो वास दुप्पट होतो.

शक्यतो फेस नसलेली, म्हणजे ‘स्टिल’ सायडर घ्या. फसफसणारीच मिळाली तर तासभर आधी मोठ्या पातेल्यात ओतून मधूनमधून ढवळत राहा. थेट गॅसवर चढवलीत तर ती दुधासारखी उतू जाते, आणि शेगडीवर चिकटलेली साखर नंतर खरवडत बसावी लागते.

आता मसाले. खरी मेख अशी की दालचिनी-लवंगेचा अर्क उतरायला चांगली उष्णता लागते आणि सायडरला तीच सोसत नाही. म्हणून दोन्ही वेगळं करायचं. २ लिटर सायडरसाठी ३०० मिलि सफरचंदाचा साधा गढूळ रस एका लहान पातेल्यात घ्या. त्यात ६० ग्रॅम ब्राउन शुगर, दालचिनीचे बोटभर दोन तुकडे, ६ लवंगा, एक चक्रीफूल, आल्याच्या चार-पाच चकत्या आणि एका संत्र्याची साल. साल सोलाण्याने पातळ काढा, आतला पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. हे झाकण ठेवून मंद आचेवर १० मिनिटं खुशाल उकळा. यात मद्य नाही, उडून जाण्यासारखं काही नाही.

मसाले अख्खेच हवेत. दालचिनीची पूड बुळबुळीत होते आणि तळाशी गाळ धरते. घरून आणलेला चहाचा मसाला घालायचा मोह आवरा. त्यातली मिरी आणि वेलदोडा सफरचंदाला पार झाकून टाकतात. लवंगा वाढवल्या तर जीभ बधिर होते, दाताच्या औषधासारखी चव येते. ब्राउन शुगरऐवजी गूळ चालतो, आणि छान लागतो, मात्र ५० ग्रॅमच घ्या आणि रस गाळून घ्या. काही गुळांना किंचित खारट चव असते, ती इथे लगेच कळते. जायफळ उकळू नये, शेवटी मगवर चिमूटभर किसावं.

पातेलं स्टीलचं किंवा एनॅमलचं. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं हे आपल्याला आजीपासून माहीत आहे. सफरचंदाच्या आंबटाचंही तेच. लोखंडी कढईत तर सायडरमधलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, लोखंडाशी मिळून काळं पडतं. अॅल्युमिनियमही नकोच.

मसाल्याच्या रसात सायडर ओता आणि आच मंद ठेवा. लक्ष्य ६५ ते ७० अंश सेल्सिअस. मद्याचा उत्कलनबिंदू ७८ अंश, म्हणून ७७ पर्यंत सगळं सुरक्षित असं मात्र नाही. मद्य आधीपासूनच थोडं थोडं उडत असतं आणि त्याच्यासोबत सफरचंदाचा सुवासही. उकळी आणून अर्धा तास ठेवलेल्या सायडरला ताज्या फळाचा नव्हे, शिजवलेल्या सफरचंदाचा वास येतो, आंबटपणा पुढे येतो, मग लोक आणखी साखर टाकतात. थर्मामीटर नसेल तर बुडबुड्यांवर भरवसा ठेवू नका, उरलेला वायू ४० अंशांनाही बुडबुडे काढतो. वाफ बघा. पृष्ठभाग न हलता वर सतत वाफ दिसली आणि एक घोट फुंकर मारून पिता आला की गॅस बंद. झाकण ठेवून १५ मिनिटं मुरू द्या.

मसाले पाऊण तासाच्या आत काढून टाका, नाहीतर शेवटचे मग कडू निघतात. घरी दहा-बारा माणसं असतील तर स्लो कुकर सोयीचा, पण ‘वॉर्म’वर. ‘लो’वर ठेवलेला कुकरही हळूहळू उकळीच्या जवळ जातो. त्यात थंड सायडर घालू नका. आधी गॅसवर तापवून मगच ओता. काचेचा पातळ ग्लास तडकतो, जाड मग बरे.

वर दिलेल्या प्रमाणात ५ टक्क्यांची सायडर असेल तर २०० मिलिच्या मगमध्ये ब्रिटिश हिशेबाचं (एक युनिट म्हणजे १० मिलि शुद्ध मद्य) जेमतेम ०.९ युनिट मद्य येतं. त्यात २५ मिलि रम घातली की आणखी एक युनिट, म्हणजे मग दुपटीहून कडक. घालायचीच तर गॅस बंद केल्यावर, ज्याच्या त्याच्या मगमध्ये आणि सांगून घाला. गोड, गरम आणि मसालेदार असल्यामुळे मद्य जिभेला कळत नाही, आणि स्कॉटलंडमध्ये वाहनचालकांसाठीची मर्यादा इंग्लंडपेक्षा कमी आहे: १०० मिलि रक्तात ८० ऐवजी ५० मिलिग्रॅम. मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी वेगळं पातेलं: तोच मसाल्याचा रस, पण साखर अजिबात न घालता उकळलेला, आणि सायडरच्या जागी सफरचंदाचा साधा रस.

हे पेय त्याच्या घरी बघायचं तर १७ जानेवारीला सॉमरसेटमधल्या कारहॅम्प्टनसारख्या गावी. त्या संध्याकाळी वासेल नावाचा सोहळा असतो. बागेतल्या झाडाभोवती लोक जमतात, सायडरमध्ये बुडवलेले टोस्ट रॉबिन पक्ष्यांसाठी फांद्यांवर ठेवतात, मुळांशी सायडर ओततात आणि वाईट शक्ती पळाव्यात म्हणून बंदुकीचे बार काढतात. १७ तारीख का? १७५२ मध्ये ब्रिटनने कॅलेंडर बदलताना ११ दिवस गाळले. सरकारी नाताळ ११ दिवस आधी येऊ लागला, पण ही मंडळी जुन्या कॅलेंडरप्रमाणे नाताळानंतर येणाऱ्या बाराव्या रात्रीलाच धरून राहिली. आपली संक्रांत होऊन दोन-तीन दिवस झालेले असतात, तिळगूळ डब्यात शिल्लक असतो, आणि गरम सायडरबरोबर तो चांगला लागतो.

उरलेली सायडर गाळून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवस टिकते. पुन्हा गरम केली तर पहिल्यासारखी होत नाही, तेव्हा ती कांद्याबरोबर सॉसेजच्या रश्शात घाला. त्यात मात्र मनसोक्त उकळी येऊ द्या.