एकात सर, दुसऱ्यात अभ्यास

निमंत्रणपत्रात विषय आला होता, ‘उच्च शिक्षणातील समाजमाध्यमे: संधी आणि आव्हाने’. ‘संधी आणि आव्हाने’ हे शेपूट कुठल्याही विषयाला चिकटतं आणि वक्त्याला काहीही बोलायची मुभा देतं. बीजभाषण माझं होतं, वेळ पाऊण तास. पुढच्या रांगांत प्राध्यापक आणि विभागप्रमुख, मागे विद्यार्थी. सभागृह रिकामं दिसू नये म्हणून ज्यांना आणून बसवलं होतं, दिवसभर चर्चा त्यांच्याबद्दलच होणार होती.

संयोजकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की प्रश्न शेवटी नकोत. भाषण चालू असतानाच ते निनावी पडद्यावर यावेत, आणि पडद्यावर जे दिसेल ते मलाही समोर दिसावं. यातल्या दुसऱ्या मागणीमागे एक किस्सा आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या वेब २.० एक्स्पोमध्ये डॅना बॉइड बोलत होत्या. समाजमाध्यमांच्या अभ्यासात त्यांचं नाव मोठं. त्यांच्या पाठीमागच्या पडद्यावर श्रोत्यांची ट्वीट्स झळकत होती, ती सगळ्यांना दिसत होती, फक्त त्यांना नाही. मध्येच हशा पिकायचा आणि तो कशावर हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. नंतर त्यांनी त्यावर सविस्तर लिहिलं. ते वाचल्यापासून पडद्याकडे पाठ करून बोलायला मी तयार नसते.

संयोजक तयार झाले, पण प्रत्येक प्रश्न आधी त्यांचा माणूस बघणार होता. माणूस म्हणजे कोपऱ्यातल्या लॅपटॉपवर बसवलेला शेवटच्या वर्षाचा एक मुलगा.

सुरुवात फेसबुकपासून केली. समाजमाध्यमं कॉलेजात घुसली, अशी तक्रार आपण करतो. प्रत्यक्षात फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्डच्या वसतिगृहातून निघालं आणि सुरुवातीला तिथला ईमेल पत्ता असल्याशिवाय आत जाताच येत नव्हतं. सगळ्यांसाठी दार उघडलं ते सप्टेंबर २००६ मध्ये. ही गोष्ट ऐकून पुढच्या रांगा जरा खुलल्या.

मग रायर्सनचं प्रकरण काढलं. भाषणाचा कणा तोच होता. टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठात २००८ मध्ये पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली. रसायनशास्त्राच्या गृहपाठावर चर्चा करणाऱ्या फेसबुक ग्रुपचा तो अ‍ॅडमिन होता. गृहपाठ ज्याचा त्याने करायचा, अशी प्राध्यापकांची सूचना होती. ग्रुपमध्ये १४६ जण होते. त्याच्यावर आरोप ठेवले १४७: एक ग्रुप चालवल्याचा आणि सदस्यामागे एकेक. विद्यार्थ्यांचं म्हणणं साधं होतं. कॅम्पसवर एका खोलीत मुलं वर्षानुवर्षं एकत्र बसून हेच करतात, तिथे कोणी आरोपपत्र घेऊन येत नाही. अखेर त्याला काढून टाकलं नाही. एकूण गुणांपैकी दहा टक्क्यांच्या त्या गृहपाठाला शून्य मिळालं.

‘ही कॉपी आहे असं वाटणाऱ्यांनी हात वर करा,’ मी म्हटलं. पुढे बरेच हात वर झाले. मागच्या रांगांत एकही नाही, पण तिथे कुजबूज सुरू झाली आणि पडदा जागा झाला.

आधी आले ते अपेक्षित प्रश्न. वर्गात मोबाइलवर बंदी असावी का? प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांची फ्रेंड रिक्वेस्ट स्वीकारावी का? माझं मत विचाराल तर त्याचं शिक्षण संपेपर्यंत नाही. गुण देणारा आणि गुण घेणारा यांची मैत्री बरोबरीची नसते. हे सांगत असतानाच समोर नवा प्रश्न उमटला: ‘सबमिशनची तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री साडेअकराला जाहीर होते. जो ग्रुपमध्ये नाही त्याने काय करायचं?’ मागून टाळ्या पडल्या.

त्यानंतर बराच वेळ पडद्यावर काही आलं नाही. कोपऱ्यातला मुलगा पडद्याकडे न बघता संयोजकांकडे बघत होता आणि संयोजक मान हलवत होते, नको म्हणून. मी माइकवरूनच विचारलं, ‘काही अडलंय का रे?’ तो म्हणाला, ‘मॅम, एक आहे. दाखवू?’ शिवीगाळ आहे का, कोणाचं नाव आहे का, विचारलं. दोन्ही नव्हतं. ‘मग दाखव,’ म्हटलं.

‘क्लासच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. तिथून नंबर घेऊन एक जण मला रात्री मेसेज करतो. ब्लॉक केलं की दुसऱ्या नंबरवरून करतो. ग्रुप सोडला तर सूचना मिळत नाहीत. काय करू?’

तयार स्लाइड्समध्ये पुढे अल्टमेट्रिक्स होतं, म्हणजे शोधनिबंधाचा प्रभाव ट्वीट्स आणि शेअर्सवरून मोजण्याचा खटाटोप. ते सगळं बाजूला ठेवलं. प्रश्न निनावी, त्यामुळे विचारणारीला नंतर शोधून काही सांगणं शक्य नव्हतं. जे सांगायचं ते तिथेच, सगळ्यांसमोर. मेसेज पुसू नकोस, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेव, हे मी सांगितलं. मग विचारलं, ‘तक्रार निवारण समितीत कोण आहे? उभं राहाल का?’ क्षणभर कोणीच हललं नाही. मग तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या, मागे वळल्या आणि स्वतःचं नाव, खोली, बसायची वेळ सगळं स्वच्छ आवाजात सांगितलं. पुढे म्हणाल्या, ‘एकटीने यायचं नसेल तर मैत्रिणीला घेऊन ये.’ माझ्या पाऊण तासात सर्वांत कामाचं बोलणं त्यांचं झालं.

एक ज्येष्ठ सर मात्र अस्वस्थ होते. ‘मॅडम, ईमेल कोणी उघडत नाही. मूडलवर टाकलं तर आठवडा जातो. ग्रुपवर टाकलं की पाच मिनिटांत सगळ्यांपर्यंत पोचतं. आम्ही करायचं काय?’ मूडल म्हणजे अभ्यासाचं साहित्य आणि सूचना ठेवायची कॉलेजची ऑनलाइन जागा. त्यांचं खोटं नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅप कोणी धोरण म्हणून आणलंच नाही, ते सोय म्हणून आलं आणि बघता बघता सूचनाफलक होऊन बसलं. पण सूचनाफलक वाचायला कोणी स्वतःचा नंबर भिंतीवर लिहून ठेवत नाही. मी म्हटलं, ‘सर, पोचवणं आणि कोंडणं वेगळं. नुसती सूचनाच द्यायची तर २०२३ पासून चॅनेलची सोय आहे. तिथे फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. आणि ज्याला व्हॉट्सअ‍ॅपच नको, त्याच्यासाठी तीच सूचना मूडलवरही हवी.’

‘पण मग ग्रुपवर शंका विचारतात ते?’ सरांनी धरून ठेवलं.

मागून एक मुलगी उठली. ‘सर, सॉरी, पण तुमच्या ग्रुपवर शंका कोणीच विचारत नाही. आमचे दोन ग्रुप आहेत. एकात तुम्ही आहात.’

‘आणि दुसऱ्यात?’

‘दुसऱ्यात अभ्यास होतो.’

हशा ओसरेपर्यंत थांबले आणि तिला सविस्तर सांगायला लावलं. तिथे वहीच्या पानांचे फोटो येतात. एखादी सिद्धता न कळलेल्याला कोणीतरी तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज करून समजावतं. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळे जागे असतात. ‘आणि तयार उत्तरं?’ मी विचारलं. ती जरा थांबून म्हणाली, ‘तीपण येतात.’ हे प्रामाणिक उत्तर मिळालं म्हणून रायर्सनवर परत जाता आलं. समजावणं आणि उत्तर टेकवणं यातली रेघ दुसऱ्या ग्रुपमध्ये कोणी आखायची? सर म्हणाले, आम्हाला त्यात घ्या. मागच्या रांगांनी एका सुरात ‘नाही’ म्हटलं, आणि माझा कौल त्यांच्या बाजूने होता. शिक्षक आला की तिसरा ग्रुप निघेल. त्यापेक्षा उत्तर ढकलून भागणार नाही असा गृहपाठ देणं शिक्षकाच्या हातात आहे: प्रत्येकाला वेगळी आकडेवारी, किंवा लिहिलेलं दोन मिनिटं तोंडी समजावून सांगायची अट.

भाषणानंतर संयोजकांनी मला स्टाफरूममध्ये बसवून घेतलं. नियमावली हवी होती, आणि तीही लगेच. सूचना चॅनेलवर आणि मूडलवर, हा मुद्दा चटकन लिहून झाला. अडलं ते वेळेवर. रात्री आठनंतर काही टाकायचं नाही, असं विभागप्रमुखांनी सुचवलं. तेव्हा अर्धवेळ शिकवणारी एक तरुण प्राध्यापिका म्हणाली, ‘सर, मी दोन ठिकाणी तास घेते. घरी पोचून फोन हातात येईपर्यंत साडेदहा होतात. साडेअकराचे ते मेसेज माझेच आहेत.’ कोणी काही बोलण्याआधी तिने कागद ओढला आणि स्वतः लिहिलं: सूचना केव्हाही टाकावी, मुदत मात्र पुढच्या कामकाजाच्या दिवसापासून मोजावी.

सगळ्यांना पटलं. फक्त विभागप्रमुखांनी ‘कामकाजाच्या’ या शब्दाखाली रेघ मारली आणि विचारलं, शनिवार धरायचा की नाही? मी निघाले तेव्हा त्यावर चार मतं झाली होती.