गुजरीच्या काट्यावर देश तोलले

मुलीच्या टेबलावर भिंतीला जगाचा नकाशा लावला आणि तिसऱ्याच दिवशी तिनं विचारलं, "बाबा, ग्रीनलंड आपल्यापेक्षा किती पट मोठं?" नकाशात ते आफ्रिकेएवढं दिसत होतं. मी आकडे काढून दाखवले : भारत ३२.८७ लाख चौरस किलोमीटर, ग्रीनलंड २१.६६ लाख. तिला पटेना. समोर एवढं मोठं दिसतंय ते लहान कसं?

प्रश्न रास्त होता. हा नकाशा मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीचा. १५६९ साली त्यानं तो दर्यावर्दींसाठी काढला. होकायंत्राची एकच दिशा धरून चालायचं तर नकाशावर सरळ रेघ ओढली की झालं. त्यासाठी ध्रुवांकडचा प्रदेश ताणावा लागतो. ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट होते, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. आपलं कोल्हापूर १७ अंशांच्या जरा खाली, इथं फुगवटा जेमतेम ९ टक्के.

मग पृथ्वीचा गोल घेतला, १२ इंची. त्यावर बटर पेपर ठेवून देश गिरवायचे. भारत सहज उतरला. ग्रीनलंडला कागदाच्या कडेला दोन चिरा द्याव्या लागल्या. आफ्रिकेनं मात्र अख्खी संध्याकाळ खाल्ली. एवढा मोठा कागद गोलावर बसतच नाही, चुण्या पडतात आणि चुणी पडली की माप चुकलं. शेवटी तुकडे करून गिरवली. मग सगळं एकाच कार्डशीटवर उतरवून कापलं. शीट एकच हवी, जाडी बदलली तर पुढचं सगळं वाया.

कारण पुढं वजन करायचं होतं; जाडी सारखी असली की वजनावरूनच क्षेत्रफळाची तुलना होते. घरच्या काट्याला एवढं हलकं कळत नाही, म्हणून गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, ओळखीच्या सराफांकडे गेलो. "आणा की, बघूया," म्हणाले आणि सोन्याच्या काट्यावर त्यांनी स्वतः भारत ठेवला. ०.५५ ग्रॅम. ग्रीनलंड ०.३६. लेकीनं काट्याच्या काचेला नाक लावलं होतं. आफ्रिकेचे सगळे तुकडे मिळून ५ ग्रॅम भरले, भारताच्या ९ पट. एवढी अजस्र आफ्रिका त्या नकाशात ग्रीनलंडच्या बरोबरीला बसवलेली पाहून मला खरोखर वाईट वाटलं.

रात्री तिनं स्वतःचं माप काढलं. कोल्हापूर जिल्हा ७,६८५ चौरस किलोमीटर. भारतात असे सुमारे ४२८ जिल्हे मावतात, ग्रीनलंडमध्ये २८२, ब्रिटनमध्ये अवघे ३२. ब्रिटन आपल्या एकट्या महाराष्ट्रापेक्षा लहान आहे, हे तिनं आजीला दोनदा सांगितलं. आजीला आधी खरं वाटलं नाही. मग तीच शेजारी सांगून आली.

आता रशिया बाकी आहे. नकाशात दिसतो तेवढा तो नाही, तरी भारताच्या ५ पट आहेच. शीट उरलीय तेवढ्यात बसतोय का, ते रविवारी बघायचं.