आमची वाटचाल : डबा नको, बोर्ड दाखवा

नागपूरला बर्डीवर (सीताबर्डीत), मोदी नंबर दोनच्या गल्लीत, जिन्याखाली आमचं दुकान आहे. पाटीवर अजून ‘टीव्ही, टेप, यूपीएस रिपेअरिंग’ एवढंच आहे. जुन्या होम कॉम्प्युटरचं, म्हणजे टीव्हीला जोडायच्या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरचं, काम करतो हे मुद्दाम लिहिलेलं नाही. लिहिलं की माणसं आत येतात, भाव विचारतात, ‘लहानपणी आमच्याकडे पण होता’ म्हणत अर्धा तास खातात अन् निघून जातात. ज्याला खरंच काम असतं तो खोकं काखेत मारून, चुकीच्या गल्लीत शिरून का होईना, पोचतोच.

मी आयटीआयचा, रेडिओ-टीव्ही मेकॅनिक ट्रेडचा. १९८८ साली इथल्याच एका टेपरेकॉर्डरवाल्यांकडे टेबलावर बसलो. त्या वेळी डेसिबेल इलेक्ट्रॉनिक्सचा डीबी स्पेक्ट्रम प्लस हा होम कॉम्प्युटर जोरात होता, विलायतेच्या सिंक्लेअर कंपनीच्या परवान्यावर १९८६ मध्ये आपल्याकडे निघालेला. रामदासपेठेतले डॉक्टर, सिव्हिल लाइन्सच्या क्वार्टरांतले साहेबलोक पोट्ट्यांसाठी घ्यायचे. प्रोग्रॅम कॅसेटवर. कॅसेट चढेना की मंडळी टेपवाल्याकडे यायची. हेड स्पिरिटने पुसायचं, कॅसेट लावून अझिमथचा, म्हणजे हेडचा कोन लावायचा, स्क्रू कानाने ऐकत थोडा थोडा फिरवायचा, ती कर्कश शिट्टी अजून कर्कश झाली की काम झालं. कॉम्प्युटरच्या धंद्यात मी शिरलो तो असा, टेपच्या हेडवरून.

१९९१ मध्ये स्वतःचं टेबल मांडलं. पुढची वीसेक वर्षं कलर टीव्ही, मॉनिटर, स्टॅबिलायझर अन् लोडशेडिंगच्या दिवसांत इन्व्हर्टर. पोरीचं शिक्षण झालं, घराचा हप्ता फिटला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पिक्चर ट्यूबचं काम आटलं तेव्हा सर आले. सर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. १९८४-८५ मध्ये शाळांत कॉम्प्युटर शिकवायची केंद्र सरकारची ‘क्लास’ योजना निघाली, तिच्यातून शाळांना बीबीसी मायक्रो हे विलायती कॉम्प्युटर मिळाले. सरांच्या शाळेतही आले, अन् गणित शिकवतात म्हणून सरांच्याच गळ्यात पडले. पुढे शाळेने ते भंगारात काढले तेव्हा सरांनी एक मशीन स्वतःच्या पैशाने उचललं. आमच्याकडे आले होते यूपीएसची बॅटरी बदलायला. जाता जाता म्हणाले, ‘भाऊ, माझ्याकडे एक पेशंट आहे. बघता का?’

पेशंट आला. मी आधी पॉवर सप्लाय खोलला. मेनच्या फिल्टरला ते पिवळसर, पारदर्शक खोळीतले कागदी कंडेन्सर होते, अंगभर तडे गेलेले. तड्यांतून ते वर्षानुवर्षं ओल पितात अन् खूप दिवसांनी २३० व्होल्ट मिळाले की फुटतात. धूर असा निघतो की शेजारचा बादली घेऊन धावत येतो. दोन्ही काढून एक्स-टू क्लासचे, म्हणजे मेन लाइनसाठीच बनवलेले, नवीन टाकले, सीरीज बल्बवर शॉर्ट नाही याची खात्री केली, मग बोर्ड जोडला. आधी खालच्या सुरातली बीप, लगेच वरच्या सुरातली, अन् पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२ के’. सरांनी खिशातून पेन काढून कागदावर तारीख लिहिली. मला वाटलं पावती मागतील. नाही, त्यांना नोंद ठेवायची होती.

इथे एक सांगून ठेवतो, कोणी विचारलं नसलं तरी. माळ्यावरून मशीन खाली काढलं की ‘चालतं का बघू’ म्हणून प्लगला लावू नका. आधी सप्लाय तपासून घ्या. अन् स्पेक्ट्रम असेल तर बाजारातला कुठलाही ९ व्होल्टचा अडॅप्टर खुपसू नका. त्याच्या पिनेच्या मधल्या भोकात मायनस लागतो, बाहेर प्लस. बाजारातल्या बहुतेकांचं बरोबर उलटं असतं. अशी उलट्या सप्लायने मेलेली मशीनं घेऊन येणारे सगळे एकच वाक्य बोलतात, ‘पिन तर फिट बसली होती.’

सप्लायचा विषय निघाला म्हणजे मामांबद्दल लिहायलाच हवं. इतवारीत त्यांचं वाइंडिंगचं टेबल. दुकानात माझे पैसे अन् मामांची उधारी, अशी आमची भागीदारी. कागदावर कधीच नव्हती. स्पेक्ट्रमचा मूळ सप्लाय ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा, पण रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज स्थिर धरणारा, नसतो. रिकामा मोजला तर १३ च्या पुढे दाखवतो अन् नवशिक्या घाबरतो. मामांनी जुना ट्रान्सफॉर्मर सोडून, वेढे मोजून, तसाच नवीन गुंडाळला. मग आउटपुटला मोटारगाडीचा बल्ब लावून तासभर पेटता ठेवायचा अन् कोअरवर तळहात टेकवायचा. हात टिकला नाही तर सगळं सोडून पुन्हा गुंडाळायचं. मी म्हणायचो, मामा, गिऱ्हाईक थांबलंय. ते म्हणायचे, ‘थांबू दे ना बाप्पा. घाई कायले करून राहिला? आग लागली तर तूच जाशील का विझवायले?’

आता त्या प्रकरणाकडे येतो. नाव लिहीत नाही, बर्डीत सगळ्यांना माहीत आहे.

आमच्याकडे एक पोरगा कामाला होता. हात सोन्याचा. चाळीस पायांची यूएलए, स्पेक्ट्रमची चित्र-कॅसेट सांभाळणारी मुख्य चिप, बोर्डावरून अशी काढायचा की एक ट्रॅक उचलला जायचा नाही. फ्लक्स, डीसोल्डर पंप, मग विक, मग प्रत्येक पाय हलवून बघायचा, सगळं माझ्याच टेबलावर शिकला. २०१८ मध्ये तो गेला अन् धरमपेठेत काचेच्या काउंटरचं, एसीचं दुकान टाकलं. गेला त्याचं दुःख नाही. पोरं जाणारच. पण आमच्या रजिस्टरमधले फोन नंबर त्याच्यासोबत गेले. एकेक गिऱ्हाईक फोनवर सांगू लागलं, ‘भाऊ, राग नका मानू, तो दोन दिवसांत करून देतो. तुम्हाला दोन महिने काहून लागतात?’

काहून लागतात ते सांगतो. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ के मेमरीत ४११६ नंबरच्या आठ चिप असतात. या चिपला प्लस ५, प्लस १२ अन् मायनस ५, असे तीन व्होल्टेज लागतात. मायनस ५ गेला अन् १२ चालू राहिला की चिप मरते. हे व्होल्टेज बोर्डावरचाच एक छोटा कन्व्हर्टर तयार करतो, त्यातला टीआर-४ ट्रान्झिस्टर उडाला की सगळी पंगत उठते. म्हणजे आधी कन्व्हर्टर, मग व्होल्टेज, मग मेमरी, या क्रमाने जावं लागतं. नुसती चिप बदलली तर नवीनही जाते. पडद्याची मेमरी याच १६ केमध्ये, अन् आठ चिप म्हणजे बाइटचे आठ बिट. एखादी मेली की पडद्यावर ठराविक अंतराने उभे पट्टे दिसतात. पट्टा कुठे आहे यावरून मेलेली चिप सांगता येते. पण सांगता आली तरी ती मिळायला हवी. ऑनलाइन मागवलेल्यांत घासून नवीन नंबर छापलेल्या निघतात, म्हणून प्रत्येक चिप टेस्टरवर लावून बघावी लागते. मेंब्रेनची, म्हणजे कळांखालच्या पातळ प्लास्टिकच्या पडद्याची, पट्टी आमच्या उन्हाने कडक होऊन दुमडल्या जागी तडकते. ती विलायतेहून येते. होतात दोन महिने.

त्याच सुमाराला बाहेरगावच्या एका संग्राहकाचं मोठं काम ठरलं होतं, बरीच मशीनं एकदम. त्यांच्या शब्दावर मी मेमरी अन् मेंब्रेन स्वतःच्या पैशाने मागवून ठेवले. मशीनं धरमपेठेत गेली. मला फोनसुद्धा नाही. दुकानाचं भाडं थकलं, मालकाच्या मुलाने वकिलाची भाषा सुरू केली. माझा २० मेगाहर्ट्झचा डबल ट्रेसचा सीआरओ, सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारा स्कोप, आयुष्यातली पहिली मोठी खरेदी, पॉलिटेक्निकच्या एका पोराला विकला. पुढे बरेच महिने लॉजिक प्रोब अन् मल्टिमीटरवर काम काढलं. मशीनच्या क्लॉकचा सिग्नल प्रोबवर नुसता ‘आहे’ एवढाच कळतो, कसा आहे ते नाही कळत. झेड-८० प्रोसेसरला ३.५ मेगाहर्ट्झ मिळतात की कण्हत कण्हत काहीतरी येतं, हे बघायला स्कोपच लागतो. मामांनी त्या काळात एकदाही पैसे मागितले नाहीत. घरी मात्र बायको म्हणाली, ‘टीव्हीचं काम पुन्हा घ्या.’ एलईडी टीव्हीचं काम म्हणजे पॅनल गेलं की फेका. मी नाही घेतलं.

मग सरांचा वाढदिवस आला. जावयांनी सरांना न सांगता त्यांचा घरचा स्पेक्ट्रम धरमपेठेत दिला अन् चमकवून परत आणला. दुसऱ्या दिवशी सर स्वतः तो घेऊन माझ्याकडे आले, सोबत कॅसेट प्लेअर अन् त्यांच्या हाताच्या अक्षरातली कॅसेट. बोलले काही नाही. टीव्हीला जोडला. ‘सिंक्लेअर रिसर्च १९८२’ ची ओळ आली, चित्र एकदम स्वच्छ. इतकं स्वच्छ की मलाच शंका आली. सरांनी ‘J’ ची कळ दाबली, ‘लोड’ उमटलं, दोन अवतरणचिन्हं दिली, एंटर, प्लेअर सुरू. खऱ्या मशीनवर आवाज मिळाला की पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे धावायला हवेत. कड पांढरीच. सरांनी आवाज वाढवला, प्लग उलटसुलट केला. कड पांढरीच.

मी तळाचे स्क्रू काढले. आत बोर्डच नाही. एका कोपऱ्यात रास्पबेरी पाय, म्हणजे स्पेक्ट्रमची नक्कल करणारा आजचा छोटा कॉम्प्युटर, ग्लू गनच्या गोळ्याने चिकटवलेला, अन् कॅसेटचं सॉकेट नुसतं भोकात बसवलेलं. मागे एक वायर नाही.

सर म्हणाले, ‘चला.’

धरमपेठेत पोरगा मला बघून उठला, सवयीने. ‘सर, तो बोर्ड डेड होता. फेकला.’ सरांनी वर्गात विचारावं तसं विचारलं, ‘डेड आहे हे कशावरून ठरवलं? कुठले व्होल्टेज घेतले?’ उत्तर नाही. मागच्या खोलीत पोतं होतं, बोर्डांनी भरलेलं. शाळेतल्या वस्तू ओळखू याव्यात म्हणून सरांना सगळ्यावर खूण करायची सवय, त्यांच्या बोर्डाच्या कोपऱ्यात लाल ऑइलपेंटचा त्रिकोण होता. सापडला. यूएलएची जागा रिकामी. पोत्यातल्या बाकी बोर्डांचीही रिकामी. ती मूळ चिप आता कोणी बनवत नाही, त्यामुळे सुटी विकली तरी चांगले पैसे येतात. म्हणजे लोकांकडून रिस्टोरेशनचे पैसे घ्यायचे अन् त्यांच्याच मशीनचं काळीज काढून दुसऱ्याला विकायचं. त्याचा हात सोन्याचा होता म्हणालो ना, ट्रॅक एकही उचललेला नव्हता.

सरांचा बोर्ड डेड नव्हताच. टीआर-४ गेलेला, एक ४११६ गेलेली. दोन्ही बदलले, यूएलए माझ्या साठ्यातली टाकली, बेसवर (सॉकेटवर). ७८०५ या रेग्युलेटरचा तापलेला हीटसिंक काढून नवीन पेस्ट लावली, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सगळे नवे. टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात जोडायचा मॉड्युलेटर चॅनल ३६ वर सिग्नल देतो, आजचे टीव्ही तो नीट धरत नाहीत, म्हणून आत बायपास करून कंपोझिट, म्हणजे थेट व्हिडिओचा सिग्नल, बाहेर काढला. पण मॉड्युलेटरची डबी जागेवर ठेवली. पहिल्या वेळी ‘टेप लोडिंग एरर’ आली. सरांनीच माझा स्क्रूड्रायव्हर उचलून अझिमथ लावला. मग लाल-आकाशी, मग निळे-पिवळे पट्टे, काही मिनिटांनी साइनचा आलेख हळूहळू डावीकडून उजवीकडे उमटायला लागला, आठवीच्या वर्गासाठी सरांनी लिहिलेला. तेवढ्यात चहावाला आला, तो म्हणाला, ‘हे काय, ईसीजी होय?’

सरांनी तक्रार केली नाही. त्यांनी फक्त जुन्या विद्यार्थ्यांना कळवलं. पुणे, बंगळूर, एक तर थेट अमेरिकेहून, सुट्टीत येताना बॅगेत मशीन घेऊन. उन्हाळाभर रांग होती. थकलेलं भाडं फिटलं, पुढे सेकंडहँड स्कोप आला. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं तरी साचलेली मशीनं घरी बसून उरकली. सर अजूनही बिल बघून भांडतात, कमी लावलं म्हणून. धरमपेठेतला काउंटर आहे तिथेच आहे, पाटीवर आता ‘गेमिंग’ही आलंय.

पिवळ्या पडलेल्या डब्यांचं, म्हणजे मशीनच्या बाहेरच्या प्लास्टिकचं, कामही आम्ही करतो. हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रीम लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून उन्हात. नागपूरच्या उन्हासारखं ऊन या कामाला कुठे नाही, पण नवतपात, मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, भरदुपारी गच्चीवर ठेवाल तर डबा वाकेल. सकाळी दहाच्या आत उचला, फिरवत राहा, क्रीम सुकू देऊ नका नाहीतर ढग उठल्यासारखे डाग पडतात. अन् घरी कूलर असेल तर त्याचा झोत मशीनवर कधीच नको.

पार्सल करणाऱ्यांसाठी : सप्लाय सोबत पाठवा, चालत नसला तरी. घरी जुन्या कॅसेटी असतील तर एखादी पाठवा, आम्ही तुमच्याच कॅसेटवर तपासून देतो. बदललेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत मिळतो. अन् आधी कोणाकडून उघडून घेतलं असेल तर त्याचं नाव लिहू नका. सोल्डर बघून आम्हाला कळतं.