नवे मरतात, जुने ठणठणीत

फोन काकूंचा होता. "बाबा, तुझे मासे मरलालेत की रे. परवा आणलेल्या चार मोल्या, चारी गेल्या."

लातुरात माशांचं दुकान आणि घरोघरी टाक्या धुण्याचं काम करताना हे वाक्य महिन्यातून दोनदा ऐकावं लागतं. पण ही तिसरी खेप होती. दोन महिन्यांत त्यांनी माझ्याकडून बारा मोल्या नेल्या आणि बाराही दोन-दोन दिवसांत गेल्या. शिवाय घर गुरुजींचं. सातवीला मला विज्ञान त्यांनीच शिकवलेलं. त्यांना 'तुम्हीच काहीतरी चुकवलं असेल' असं म्हणायची अजून छाती होत नाही.

मे महिना, दुपारचे साडेतीन. हॉलमध्ये तीन फुटी टाकी, साधारण शंभर लिटर पाण्याची. काच इतकी लख्ख की आपल्या भागातली वाटू नये. इथं बोअरच्या पाण्यानं आठ दिवसांत काचेवर क्षाराची पांढरी रेघ ओढली जाते, ही टाकी मात्र आरशासारखी. आत दोन मोठे एंजल, पाच-सहा विडो टेट्रा, एक सकर, मधोमध लाकडाचं खोड. सगळे जुने, तीन-तीन वर्षांचे, मस्त फिरत होते.

गुरुजींनी खिशातून टीडीएसचा, म्हणजे पाण्यात किती विरघळलंय ते दाखवणारा पेन काढून पाण्यात बुडवला. "280. बोअरचं नऊशे येतं. पाणी उत्तम आहे. मासेच खराब देतोस तू."

"गुरुजी, पाणी कोणतं घालता?"

"आरओचं. वर्षापूर्वी थोडं थोडं करत सगळं पाणीच आरओचं केलं. क्षाराचे डाग पडत नाहीत. आणि तेव्हापासून उगीच उपसत नाही मी पाणी, जेवढं उडतं तेवढंच वरून घालतो."

यावर त्यांना बोल लावता येत नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते याच गावात. त्या उन्हाळ्यात मी दुकानातल्या निम्म्या टाक्या कोरड्या ठेवल्या होत्या. माशासाठी वीस लिटर पाणी उपसून मोरीत ओतायचं म्हटलं की इथल्या माणसाचा हात थांबतो. माझाही थांबतो.

पण जुने ठणठणीत आणि नवे दोन दिवसांत खलास, हे ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते मोजायचं थेंबाचं किट काढलं. 7 म्हणजे मधला, आकडा उतरला की आम्ल. काचेच्या नळीत टाकीचं पाणी, वर तीन थेंब. पिवळंधमक. हे किट 6 च्या खाली मोजतच नाही, सगळं पिवळंच दाखवतं. मग पीएच मीटर काढला. आकडा घसरत घसरत 5.4 वर थांबला. केएच, म्हणजे पाण्यातला आम्ल जिरवणारा साठा, तपासायला पहिला थेंब टाकला तोच रंग पालटला, म्हणजे केएच जवळजवळ शून्य. अमोनियाची नळी हिरवी, साधारण 4 पीपीएम, म्हणजे लिटरला 4 मिलिग्रॅम.

माझ्या दुकानातलं पाणी बोअरचं, पीएच 8. त्यातली मोली पिशवीतून अर्ध्या तासात 5.4 मध्ये. पीएचचा एक आकडा म्हणजे दहापट, त्या हिशोबानं आम्लता चारशेपट वाढली. मोली तशीही कठीण पाण्यातली. दोन दिवस काढले हेच खूप. जुने मासे मात्र वर्षभरात पाण्याबरोबर हळूहळू खाली उतरत गेले, म्हणून तगले.

गुरुजी नळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आम्ल आलं कुठून? मी तर शुद्ध पाणी घातलं."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना विज्ञान सांगितलं. माशाच्या मलमूत्रातून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढं नायट्रेट करतात. हे करताना आम्ल सुटतं, रोज, थोडं थोडं. ते खायला पाण्यात बायकार्बोनेट लागतं, त्यालाच आम्ही केएच म्हणतो. अमोनियातलं एक मिलिग्रॅम नायट्रोजन पचवायला सात मिलिग्रॅमच्या आसपास क्षारता खर्ची पडते. आपल्या काळ्या दगडातून आलेल्या बोअरच्या पाण्यात हा साठा कणगीभर असतो. आरओ यंत्र तो बहुतेक सगळा काढून टाकतं. कणगी रिकामी आणि खाणारे चालूच. टीडीएसचा पेन पाण्यात काहीतरी विरघळलंय एवढंच सांगतो, ते काय आहे ते सांगत नाही. गुरुजींचे 280 म्हणजे बव्हंशी वर्षभराचं साचलेलं नायट्रेट. त्यावर पीएच साडेसहाच्या खाली गेला की हे जिवाणू मंदावतात, सहाच्या आसपास जवळजवळ कामच सोडतात. मग अमोनिया साचायला लागतो.

"मग हे मासे जिवंत कसे?" खरा प्रश्न हाच होता.

आम्ल पाण्यात अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो, तो माशाला फारसा बाधत नाही. विषारी रूपाचं प्रमाण 7 पीएचला शंभरात एकाहून कमी. 8 ला आणि आपल्या उन्हाळी पाण्यात तेच सहा-सात होतं. म्हणजे पीएच झटक्यात वाढवला की टाकीतलं निजलेलं विष जागं होतं.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका दवाखान्यातली अशीच टाकी मी सगळी उपसून ताज्या बोअरच्या पाण्यानं भरली होती, सेवा म्हणून. तासाभरात मासे वर येऊन तोंड उघडायला लागले, कल्ले लालभडक. रुग्ण बघत बसले होते. दहातले आठ गेले. त्या डॉक्टरांनी पैसे पूर्ण दिले, तेच जास्त लागलं.

हे सांगेपर्यंत काकू स्वयंपाकघरातून दोन डबे घेऊन आल्या. पुण्याहून मुलानं फोनवर सांगितलं होतं, चमचाभर सोडा टाका, पीएच वाढतो. एका डब्यात खाण्याचा सोडा, दुसऱ्यात धुण्याचा. कुठला ते मुलानं सांगितलं नव्हतं. काकूंच्या हातात चमचा भरलेला होता आणि तो धुण्याच्या सोड्याचा होता. मी अक्षरशः मनगट धरलं. खाण्याचा सोडाही शंभर लिटरला तीन ग्रॅम म्हणजे केएच एक अंशानं वर. चमच्यात पाच-सहा ग्रॅम बसतो. एवढा एकदम गेला असता तर काही मिनिटांत पीएच सातच्या पुढं, आणि 4 पीपीएम अमोनिया आत तसाच.

मग ठरवलं ते गुरुजींना उफराटं वाटलं. आधी बोअरचं नाही, आरओचंच पाणी. पहिले दोन दिवस रोज पंचवीस लिटर काढायचं आणि तेवढंच आरओचं घालायचं, पीएच न हलवता अमोनिया पातळ करण्यासाठी. खाद्य बंद. काढलेलं पाणी मोरीत न जाता कढीपत्त्याला, यावर काकू लगेच राजी झाल्या. तिसऱ्या दिवसापासून बोअरचं पाणी, तेही हवेच्या नळीला गाठ मारून थेंब थेंब. आधी अर्धा लिटर, मग एक, मग दोन. रोज सकाळी पीएच मोजायचा. एका दिवसात पाव-अर्ध्याहून जास्त चढला की थांबायचं. गुरुजींनी वही उघडून समास आखला.

चौथ्या दिवशी फोन. "6.1 चा एकदम 6.7 झाला." थांबा म्हटलं. संध्याकाळी जाऊन अमोनिया पाहिला, दीडच्या आसपास. एंजल जागच्या जागी होते, श्वास नेहमीचा. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या चालू टाकीतला स्पंज पिळून न घेता तसाच ओला नेला आणि त्यांच्या फिल्टरमध्ये बसवला, जिवाणूंचं विरजण. पीएच 6 च्या खाली असताना तो लावला असता तर वाया गेला असता.

कणगी पुन्हा रिकामी होऊ नये म्हणून काहीतरी कायमचं हवं होतं. दुकानात कोरलची खडी पाकिटात मिळते, महाग. गुरुजींच्या मागल्या दारी जुन्या शहाबादी फरशीचे तुकडे पडलेले होते. शहाबादी म्हणजे चुनखडकच. तुकड्यावर लिंबू पिळलं तर बारीक फेस आला. "आम्ल अधिक कार्बोनेट," गुरुजी पुटपुटले, आणि बोट तसंच त्या फेसावर ठेवून उभे राहिले. हातोडीनं बारीक करून, चार पाण्यांनी धुऊन, मूठभर खडी काकूंच्या जुन्या ओढणीच्या पुरचुंडीत बांधून फिल्टरमध्ये ठेवली. पाणी आम्ल झालं की ती विरघळते, सातच्या वर जवळजवळ गप्प असते. आता आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायचं, निम्मं बोअरचं आणि निम्मं आरओचं.

तीन आठवड्यांनी पीएच 7.2, केएच 4, अमोनिया शून्य. काचेवर पाण्याच्या रेषेशी पुसट पांढरी कड आली होती. गुरुजींनी तिच्याकडे बोट दाखवलं, बोलले काही नाहीत.

मग मी तीन मोल्या नेल्या, पैसे न घेता. बादलीत सोडून वर थेंबाची नळी लावली, दोन तास. गुरुजी घड्याळ लावून बसले होते. तिघी टाकीत गेल्या, रात्री खाल्लंही. आठव्या दिवशी त्यातली एक मोठ्या एंजलनं शेपटी कुरतडून मारली. काकूंनी लगेच फोन केला. गुरुजींनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि आधी सकाळचा आकडा वाचून दाखवला.