कास्कावेलच्या नऊवाऱ्या

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी चतुर्थीला नसते, दुसऱ्या दिवशी असते. 2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टला बसले आणि सुट्टी मिळाली 28 ला. घरोघरचा गणपती बहुतेक दीड दिवसाचा, त्यामुळे सगळ्यांना मोकळीक हवी ती विसर्जनाला. साडेबारा लाखांच्या या देशात मराठी वंशाची माणसं तशी मूठभर. भोजपुरी, तमिळ, तेलुगू, क्रिओल, चिनी, मुसलमान अशा सगळ्या गर्दीत ती चटकन दिसतही नाहीत. तरी बाप्पासाठी अख्ख्या देशाची ऑफिसं बंद. हे कळलं त्या दिवशी मी एबेनच्या आमच्या ऑफिसात उगाचच कॉलर ताठ करून फिरत होते.

पण आज बाप्पाबद्दल नाही, साडीबद्दल लिहायचंय.

ऑफिसात माझ्या शेजारी बसते ती मराठी आहे. म्हणजे तिच्या खापरपणजोबांच्याही आधीचं कोणीतरी रत्नागिरीकडून बोटीने इथे आलं. इथल्या मराठी लोकांची आडनावं ऐकलीत तर गंमत वाटेल: भिवाजी, बाबाजी, रामजी. जो उतरला त्याचं नाव कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहून घेतलं, आणि पुढच्या पिढ्यांचं तेच आडनाव झालं. मैत्रीण शाळेत मराठी शिकली आहे, देवनागरी झरझर वाचते, आरत्या तर माझ्यापेक्षा जास्त पाठ. गप्पा मात्र क्रिओल या इथल्या बोलीत, अडलं की हिंदी.

गणपतीच्या आधीच्या एका रविवारी तिने मला आणि ऑफिसातल्याच दुसऱ्या मैत्रिणीला, जी क्रिओल, म्हणजे आफ्रिकेकडून आणलेल्या गुलामांच्या वंशातली आहे, कास्कावेलला मावशीकडे बोलावलं. कास्कावेल पश्चिमेला, फ्लिक-आँ-फ्लाकच्या किनाऱ्यापासून जवळ. आजूबाजूला ऊस आणि मराठी वस्ती जुनी. बेत असा की मिरवणुकीत सगळ्या बायका नऊवारीत झाकरी नाचणार, तेव्हा आधी एकदा नेसून बघायचं. झाकरी म्हणजे आपल्या कोकणातल्या जाखडीचं भावंड. मध्ये ढोलकीवाला आणि गाणारे, भोवती फेर.

मावशीला सगळे तांतीन म्हणतात, क्रिओलमध्ये मावशी-आत्या-काकू सगळ्यांना तेच, म्हणून मीही तेच म्हणते. तांतीनने पलंगावर साड्या पसरून ठेवल्या होत्या. जांभळी, राणी, पोपटी, मोराच्या पदराची, बुट्ट्यांची. शेजारच्या डब्यात दाबाच्या नथी, चंद्रकोरी आणि कापडी गजरे. अर्ध्या नऊवाऱ्या शिवलेल्या होत्या, पाय घालून सलवारीसारख्या चढवायच्या. त्या पुण्या-मुंबईहून येतात, कोणी भारतात गेलं की बॅगेत भरून आणतं. पण तांतीन म्हणाली, शिवलेली पोरींना. तू चिपळूणची, तुला नेसवते.

तिने साडीचं एक टोक माझ्या कमरेला गच्च गाठ मारून बांधलं. परकर नाही, नाडी नाही. सव्वाआठ मीटर कापड त्या एका गाठीच्या भरवशावर. (आतून सायकलिंग शॉर्ट्स घालाव्यात. ही माहिती कुठल्याही सांस्कृतिक लेखात मिळत नाही, म्हणून इथे देऊन ठेवते.) मग वेढा, समोर निऱ्या, त्या निऱ्या दोन पायांमधून मागे घेऊन काष्टा, पोटाशी उरलेला घोळ आत वळवून ओचा. काष्ट्याचा काठ पाठीच्या मधोमध सरळ यायला हवा, म्हणून तिने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि दोनदा सोडून परत खोचला. मला पाठ दुखल्याचं बोलायची सोय नव्हती. शेवटी नथ दाबली, लांब जाऊन बघितलं आणि म्हणाली, "आत्ता दिसलीस मराठी."

मी विचारलं, हे शिकलात कुठे? तर भारतात एकदा शिर्डी-पंढरपूर यात्रा केली होती तेव्हा पुण्यात लक्ष्मी रोडवर साड्या घेतल्या, दुकानातल्या बाईने दाखवलं. बाकीचं मोबाइलवरच्या व्हिडिओंवरून.

म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मला पुणेरी ओच्याची नऊवारी मॉरिशसमधल्या बाईने नेसवली. गंमत अशी की आमच्या वाडीत हे असलं कोणी नेसतच नव्हतं. माझी आजी आयुष्यभर सुती लुगड्यात वावरली. गुडघ्याच्या जरासं खाली येणारं, बिनओच्याचं, पदर कमरेला खोचलेला. लावणीच्या वेळी चिखलात पोटऱ्या बुडेपर्यंत उभं राहायचं तर घोट्यापर्यंतची साडी काय कामाची? इथे आलेल्या बायका कोकणातल्या अशाच शेतावर राबणाऱ्या घरांतल्या असणार, आणि त्यांच्या अंगावर असलंच तर असलं लुगडं असणार. पैठणीच्या काठाची नऊवारी बोटीत कोणी आणली नसावी.

मी तसं बोलून दाखवलं. तोंडाने सांगून कळेना, म्हणून क्रिओल मैत्रिणीला उभं केलं, पलंगावरची त्यातल्या त्यात साधी साडी उचलली आणि आजीसारखी नेसवली. ती चांगली उंच, त्यामुळे लुगडं आणखीच वर गेलं. तिने खोलीभर ढांगा टाकल्या, खाली बसली, उठली, एक गिरकी घेतली. "यात तर बस पकडता येईल," म्हणाली.

तांतीनला मात्र ते अजिबात आवडलं नाही.

ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "हे सोड. हे सणाचं नाही." तिची आजी उसाच्या मळ्यावर होती. अंगावर जुनेर, वरून कमरेला गोणीचं कापड, पाती लागू नयेत म्हणून. "तिने जे घातलं ते नाइलाजाने घातलं. बाप्पासमोर तिची नात तेच घालून नाचणार का?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. हेच आपलं खरं, बाकी सगळं मालिकांतून आलेलं वगैरे. बोलले नाही ते बरं झालं, कारण क्रिओल मैत्रीण मध्येच म्हणाली की आमच्या सेगाच्या घागऱ्याचं असंच आहे. तुम्ही पाहिला असेल, मॉरिशसच्या प्रत्येक पर्यटन जाहिरातीत तो असतो, मोठमोठ्या फुलांचा, हातांनी धरून पंख्यासारखा फिरवायचा. सेगा हे गुलामांचं गाणं-नाच. तिचे पूर्वज मादागास्कर आणि मोझांबिककडून पकडून आणलेले, 1835 मध्ये इथली गुलामी कायद्याने संपेपर्यंत दुसऱ्याच्या मालकीचे. "एवढा घेर शिवायला त्यांना कापड कुठून मिळालं असतं?" ती म्हणाली. "पण माझी आई तोच घालते आणि तोच घालणार."

कापड कुठून मिळालं असतं, हा प्रश्न मराठी माणसांच्या बाबतीतही खराच आहे. पोर्ट लुईला बंदराजवळ आप्रवासी घाट आहे. गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, उतरले की जिथून आत घेतले जायचे त्या सोळा दगडी पायऱ्या तिथे अजून आहेत, आणि 2006 पासून ती जागा जागतिक वारसा यादीत आहे. 1834 ते 1910 या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं भारतातून या बेटावर आली. मुंबईहून आलेली त्यातली थोडी, जास्त कलकत्त्याहून. सुरुवातीच्या करारांत पुरुषाला महिना पाच रुपये, शिधा, आणि वर्षाला मोजून कपडे: धोतर, घोंगडी वगैरे. कपडा पगारातच धरलेला. बायका सुरुवातीला फारच थोड्या आल्या. मजुरांना ओळखपत्र सक्तीचं झालं तेव्हा त्यावर लावायला त्यांचे फोटो काढले गेले, ते मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात जपलेत. त्यातले काही मोठे करून लावलेले मी पाहिले आहेत. डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका आहेत. कोण कुठली, साडी कशी नेसली आहे ते कळत नाही, कारण फोटो छातीपर्यंतच. ओळख पटवायला चेहरा पुरे होता.

तेव्हा तांतीन म्हणते ते मला अर्धं पटलं. अर्धं अजून नाही. आपल्याकडेही हेच चाललंय की. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत डोंबिवली असो की गिरगाव, सगळ्याजणी पेशव्यांच्या वाड्यातून निघाल्यासारख्या दिसतात. कोळणीची, आगरणीची, कुणबिणीची नेसायची पद्धत वेगळी होती हे गॅदरिंगमधल्या कोळीनृत्यापुरतं उरलंय. नटायला माझी ना नाही. एकच साचा सगळ्यांना चढवला की बाकीचे साचे विसरतात, एवढंच म्हणणं. पण हे मी माझ्या डोंबिवलीच्या वहिनीला सांगू शकते. तांतीनला सांगण्याचा मला काय अधिकार? तिच्या आजीचं गोणीचं कापड मी पाहिलेलं नाही.

चहा झाला, सोबत गातो पिमाँ, म्हणजे चणाडाळीची मिरची घातलेली भजी. मग झाकरीची तालीम अंगणात. तिथे वेगळीच भानगड झाली. झाकरीत वाकून पाय आपटत फेर धरायचा असतो. शिवलेल्या नऊवाऱ्यांच्या शिवणी मांडीवर ताणायला लागल्या, घोट्याशी काठ पायात यायला लागले. माझा ओचा दुसऱ्या फेरीत सुटला. गुडघ्यापर्यंतच्या लुगड्यातली क्रिओल मैत्रीण, जिने झाकरी आयुष्यात कधी केली नव्हती, ती मात्र आरामात नाचत होती. कॉलेजात जाणारी तांतीनची पुतणी कडेला उभी राहून हे सगळं बघत होती. जरा वेळाने आत गेली आणि मला बोलावून घेतलं. "मलाही तसंच."

तांतीनने फेऱ्यातून बघितलं. रागावली नाही. फक्त येऊन पुतणीच्या लुगड्याचा काठ दोन बोटं खाली ओढला आणि म्हणाली, एवढं तरी झाक.

गणपतीच्या दिवशी काय झालं तर थोडक्यात: ऑगस्टमध्ये इथे थंडी असते, पाऊस नव्हता, वारा मात्र भरपूर. मखरात लाल अँथुरियम. मिरवणुकीत पुढे पैठणी काठाच्या ओच्यावाल्या, त्यात मीही, आणि मागे तीन पोरी आखूड लुगड्यांत. त्यांतल्या दोघी माझ्या ओळखीच्याही नव्हत्या. क्रिओल मैत्रिणीला तांतीनने स्वतःची पोपटी पैठणी नेसवली, पाहुणी म्हणून. बस पकडण्यासारखी नव्हती ती साडी, पण तिला काढवेना.

आता पुतणीला खरं लुगडं हवंय. जरीचं नाही, सुती, चौकड्याचं, पूर्ण नऊ वार. आईला फोन केला. ती चिपळूणच्या बाजारात चार दुकानं फिरली, कुठे आठच वार, कुठे नुसती सिल्कची. पाचव्या दुकानात माळ्यावरून एक गठ्ठा खाली आला. दुकानदाराने विचारलं, शाळेच्या नाटकाला पाहिजे का? आईने सांगितलं, मॉरिशसला पाठवायचंय. तर म्हणाला, मग तीन घ्या, तिथे परत बदलून मिळणार नाही.

आईने चार घेतली. चौथं तांतीनसाठी आहे, हे अजून तिला सांगितलेलं नाही.